तलावांचा नकाशा जुळावा म्हणून : गोंदियाच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
गोंदिया.

विषय : मामा तलाव व गावांच्या ड्रोन-मोजणीच्या कार्यादेशात चित्रणाच्या अटी घालण्याबाबत.



आपल्या जिल्ह्यात ड्रोन आता नवलाचा राहिलेला नाही. गावठाणाच्या मोजणीला तो आला, धानावर फवारणीला येतो, लग्नाच्या वरातीवरही घिरट्या घालतो. पुढच्या काही वर्षांत तलाव, पांदण रस्ते, सामूहिक वनहक्काच्या हद्दी, पुराने बुडालेल्या बांध्या, सगळ्यांवरून तो फिरेल आणि त्याने काढलेल्या फोटोंपासून झालेले नकाशे आपल्या टेबलावर येतील. त्यांवरून निधी ठरेल, हद्द ठरेल, कोणाचे अतिक्रमण आणि कोणाचे नाही तेही ठरेल. म्हणून ड्रोन उडण्याआधीच हे पत्र लिहितो आहे.

मी याच जिल्ह्यात ड्रोनच्या फोटोंपासून नकाशे करण्याचे काम करतो. माझे म्हणणे थोडक्यात असे : नकाशा जुळणार की फाटणार, हे संगणकापुढे बसल्यावर ठरत नाही, फोटो काढताना ठरते. आणि फोटो कसे काढायचे, हे आपल्या कार्यालयातून निघणाऱ्या कार्यादेशाने ठरते. ‘ड्रोनद्वारे सर्वेक्षण करून नकाशा सादर करावा’ एवढ्या एका ओळीवर काम दिले, तर हाती देखणे चित्र येईल. त्यावर मोजपट्टी मात्र ठेवता येणार नाही.

यात सर्वात मोठी गोष्ट पणाला लागली आहे ती तलावांची. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तलावांचाच म्हणून ओळखला जातो. गोंड राजवटीत कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी उतार ओळखून पाळी घातल्या आणि गावोगाव पाणी अडवले. पुढे मालगुजारी आली, १९५१ मध्ये ती संपली, आणि हे तलाव सरकारकडे येऊन ‘माजी मालगुजारी’ म्हणजे मामा तलाव झाले. शेतकऱ्यांचे पाण्यावरचे हक्क निस्तारपत्रकात नोंदलेले आहेत. लहान तलावांची जबाबदारी जिल्हा परिषदेकडे, मोठ्यांची पाटबंधारे खात्याकडे. आज अनेक तलावांत गाळ भरला आहे, कडेने बेशरम माजली आहे, पोटातल्या जमिनीत कोणी धुरे घातले आहेत. तलावाचा सातबारा असतो, नकाशावर गट असतो. पण पाळीलगत खोली किती उरली, गाळ कुठे किती साचला, सांडवा किती उंचीवर आहे, हे त्या कागदांवर नसते. ड्रोन हे दाखवू शकतो. ढीवर बांधवांच्या मासेमारी संस्थांना, धानवाल्या शेतकऱ्यांना आणि आपल्या अभियंत्यांना एकाच कागदावर बोलता येईल असा नकाशा तो देऊ शकतो. अट एकच, फोटो जुळले पाहिजेत.

ते जुळतात कसे? संगणक फोटो एकाला एक चिकटवत नाही. एकच खूण, म्हणजे धुऱ्याचा कोपरा, दगड किंवा गुरांच्या वाटेचा फाटा, अनेक फोटोंत शोधतो. एकाच खुणेकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून पाहिले की त्या रेषा जिथे मिळतात तिथे ती खूण असते. तिची जागाही कळते आणि उंचीही. ही युक्ती जुनीच आहे. थिओडोलाइट घेऊन भारतभर त्रिकोण मांडत निघालेला विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये आपल्याच विदर्भात, हिंगणघाटला वारला. त्याचे काम चालले ते याच तत्त्वावर. फरक एवढाच की तो एका खुणेसाठी दिवस घालवी, आणि संगणक एका गावासाठी लाखो खुणा जुळवतो. पण खूण किमान तीन फोटोंत, खरे तर पाच-सहा फोटोंत दिसलीच पाहिजे. ती एकाच फोटोत असेल तर जगातले कोणतेही सॉफ्टवेअर तिची उंची सांगू शकत नाही.

म्हणून पहिली अट फोटो एकमेकांवर किती चढतात याची. याला आम्ही ओव्हरलॅप म्हणतो. एक हिशेब मांडतो. एक इंची सेन्सरचा २० मेगापिक्सेलचा कॅमेरा १०० मीटर उंचीवरून साधारण १५० बाय १०० मीटरचा तुकडा टिपतो, आणि जमिनीवरचे २.७ सेंटिमीटर त्याच्या एका ठिपक्यात मावतात. पुढे-मागे ८० टक्के आणि शेजारच्या रांगेशी ७० टक्के ओव्हरलॅप ठेवायचा, तर दर २० मीटरला एक फोटो आणि दर ४५ मीटरला एक रांग लागते. १०० हेक्टरला सुमारे अकराशे फोटो होतात. दोन्ही बाजूंनी ६० टक्क्यांवर भागवले, तर चारशेच्या आसपास. उड्डाणातली बचत जेमतेम दहा-बारा मिनिटांची, संगणकाच्या कामातली मात्र मोठी. घाईतला ठेकेदार नेमका इथे हात आखडतो. चारशे फोटोंचा नकाशा गावठाणात कदाचित जुळेल. आपल्या तलावांवर, धानाच्या बांध्यांवर आणि जंगलावर तो जागोजाग फाटतो.

त्याची कारणे आपल्या जमिनीतच आहेत. पाणी घ्या. पाण्यावर खूण नसते. असते ते उन्हाचे चकाकणे आणि लाटा, आणि दोन्ही पुढच्या फोटोपर्यंत बदललेले असतात. तुडुंब भरलेल्या तलावाच्या मधोमध काढलेले फोटो संगणकाला जोडता येत नाहीत. तो त्यांना टाकून देतो, किंवा चुकीच्या जागी बसवून काठही वाकडा करतो. उपाय आहेत. रांगा काठाला समांतर न ठेवता एका काठावरून दुसऱ्या काठाकडे न्याव्यात, म्हणजे प्रत्येक रांगेची दोन्ही टोके जमिनीला धरून राहतात. लहान बोडी असेल तर उंची अशी ठेवावी की एका फोटोत दोन्ही काठ यावेत. सूर्य डोक्यावर असताना पाण्यावर उडू नये. पातळ, सारखे ढग असलेला दिवस पाण्यासाठी सोन्याचा. आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे मे महिना. तेव्हा पाणी आटून तलावाचे पोट उघडे पडते, भेगाळलेल्या मातीवर खुणाच खुणा असतात, आणि गाळ मोजायचा तर तेव्हाच मोजता येतो. जे पाणी उरते ते नकाशावर पाणी म्हणून स्पष्ट रेषेने दाखवावे आणि तिथली खोली होडीतून दोरी-वजनाने घ्यावी. पाण्याखालचे ड्रोन सांगू शकत नाही. सांगितल्याचा आव आणणारा नकाशा स्वीकारू नये.

धानाचेही तसेच आहे. रोवणीनंतर बांध्या आरशासारख्या चमकतात. पीक वाढले की सगळीकडे एकच हिरवा रंग, आणि तोही वाऱ्याने हलणारा. एका फोटोतली लोंबी पुढच्या फोटोत त्या जागी नसते. धुऱ्यांचा, पाटांचा, पांदण रस्त्यांचा नकाशा हवा असेल तर धानकापणी होऊन तणस उचलल्यावरचे दिवस निवडावेत. डिसेंबर-जानेवारीत सकाळचे धुके विरू द्यावे, मग उडावे. उन्हाळी धान असलेल्या भागात कापणीची तारीख शेतकऱ्यांना विचारूनच दिवस ठरवावा. पुराची पाहणी तेवढी पावसाळ्यात करावी लागेल, तेव्हा ओव्हरलॅप आणखी वाढवावा.

पावसाळ्यासाठी एक कळकळीची विनंती. महाराष्ट्रात सारस पक्षी मुख्यतः आपल्या जिल्ह्याने सांभाळला आहे, आणि तो पावसाळ्यातच धानाच्या बांध्यांत व तलावांच्या कडेला घरटे करतो. त्या दिवसांत ज्ञात घरट्यांच्या परिसरात ड्रोन उडणार नाही, अशी अट लेखी असावी. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आणि त्याला लागून असलेल्या भागात वन विभागाच्या परवानगीशिवाय काम देऊच नये.

जंगलाच्या कडेच्या तलावांवर उंचीचा प्रश्न येतो. ड्रोन ६० मीटरवरून उडतो आहे आणि खाली २५ मीटर उंच झाडे आहेत असे धरा. जमिनीवर ७० टक्के वाटणारा ओव्हरलॅप झाडांच्या शेंड्यांवर ५० टक्क्यांच्याही खाली येतो, कारण शेंडे कॅमेऱ्याच्या जवळ असतात आणि फोटोत त्यांचा कमी भाग मावतो. तिथे नकाशात भोके पडतात. उंची वाढवणे आणि ओव्हरलॅप ८५ टक्क्यांवर नेणे हाच मार्ग. सालेकसा-देवरीकडच्या डोंगराळ भागात तर जमीनच वर येते. तिथे ड्रोनने जमिनीच्या चढउताराप्रमाणे उंची बदलत उडावे, असे आधीच सांगावे लागते.

उंची वाढवायची तर नियम पाहावे लागतात. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत उड्डाणाला वेगळी परवानगी लागत नाही. पण चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मुभा ६० मीटरचीच आहे. त्यावर जायचे तर हवाई नियंत्रण कक्षाची परवानगी हवी, आणि त्याहून जवळ नियम आणखी कडक. आपल्याकडे बिरसी विमानतळ आहे, तिथे वैमानिकांचे प्रशिक्षणही चालते. म्हणजे बिरसीभोवतालच्या गावांचे उड्डाण-नियोजन देवरी किंवा अर्जुनी मोरगावसारखे करता येणार नाही. एकच नमुना सगळ्या आठ तालुक्यांना लावला, तर काही ठिकाणी नियम मोडेल आणि काही ठिकाणी नकाशा. परवानग्यांचे काम आपल्या कार्यालयाने एकदाच, एकत्र केले, पोलीस ठाण्यांना आणि ग्रामपंचायतींना आधी कळवले, तर गावात अचानक घोंघावणाऱ्या यंत्राची भीतीही उरणार नाही.

गावठाणाच्या बाबतीत महाराष्ट्राकडे अनुभव आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात भूमि अभिलेख विभाग, ग्रामविकास विभाग आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांनी गावठाणाच्या ड्रोन-मोजणीचा पथदर्शी प्रयोग केला. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. ११ ऑक्टोबर २०२० ला देशातल्या ७६३ गावांत मिळकत पत्रिकांचे वाटप झाले, त्यांत महाराष्ट्राची १०० गावे होती. या योजनेतली सर्वात शहाणपणाची गोष्ट यंत्राची नाही, चुन्याची आहे. ड्रोन येण्याआधी गावकऱ्यांसमक्ष प्रत्येक मिळकतीची हद्द चुन्याने आखली जाते, आणि मगच फोटो निघतो. हद्द माणसांनी ठरवायची, ड्रोनने ती टिपायची. कारण ड्रोनला छप्पर दिसते, भिंत दिसत नाही. आपल्याकडची कौलारू घरे पाहा. पाखे भिंतीच्या बाहेर हात-दीड हात आलेले असतात. वरून मोजलेले घर प्रत्यक्षापेक्षा मोठे आणि बोळ प्रत्यक्षापेक्षा अरुंद दिसतो. तिथे जमिनीवरची पडताळणी टाळता येत नाही.

तलावांसाठीही हीच पद्धत हवी. उड्डाणाच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायत, तलाठी, मासेमारी संस्था आणि लाभधारक शेतकरी यांनी पाळीवरून फिरावे. सांडवा, पाटाचे तोंड, पूर्ण भरल्यावर पाणी कुठवर येते ती रेषा, वादातले कोपरे, हे सगळे चुन्याने आखावे. पाणी कुठवर येते, हे वयस्क ढीवराला कोणत्याही उपग्रहापेक्षा जास्त ठाऊक असते.

आता उंचीच्या चुकीबद्दल, कारण पैसा तिथेच वाहून जातो. कॅमेरा सतत सरळ खाली ठेवून, जमिनीवर नियंत्रण बिंदू न घेता नकाशा केला, तर तो दिसायला निर्दोष असतो, पण मधोमध फुगलेला किंवा खचलेला असू शकतो. फोटोत हे कळत नाही. १० हेक्टरच्या तलावात सरासरी २० सेंटिमीटरची चूक राहिली तर गाळाच्या हिशेबात २०,००० घनमीटरचा, म्हणजे सुमारे सात हजार ब्रासचा फरक पडतो. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार यांसारख्या योजनेत देयक घनमीटरावर निघते. तेव्हा न उचललेल्या सात हजार ब्रासचे पैसे शासन देईल, किंवा उचललेल्या गाळाचे पैसे प्रामाणिक संस्थेला मिळणार नाहीत. उपाय अवघड नाहीत. मुख्य उड्डाणानंतर कॅमेरा थोडा तिरका करून आडव्या दिशेने आणखी एक फेरी घ्यावी. तलावाच्या चारही बाजूंना आणि पोटात नियंत्रण बिंदू म्हणून काळ्या-पांढऱ्या खुणेच्या पाट्या ठेवून त्यांची जागा व उंची अचूक उपकरणाने घ्यावी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स केंद्रांच्या जाळ्यामुळे ती काही सेंटिमीटरपर्यंत मिळते. यांतल्या काही पाट्या हिशेबात घेऊच नयेत, फक्त नकाशा तपासायला, म्हणजे तपासणी बिंदू म्हणून ठेवाव्यात. त्या पाट्यांवर नकाशा किती चुकतो, तीच त्याची खरी परीक्षा.

बाकीची पथ्ये लहान आहेत, पण तीच मोडली जातात. फोकस आणि प्रकाशमान (एक्स्पोजर) कायम ठेवावे. शटर वेगवान असावे. ड्रोन सेकंदाला ८ मीटर जात असताना शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडे राहिले, तर जमीन ८ सेंटिमीटर सरकते आणि खूण पुसट होते. हजाराव्या भागात ती ८ मिलिमीटरच सरकते. हद्दीच्या बाहेर दोन रांगा जास्त घ्याव्यात, कारण नकाशा कडेलाच सर्वात कच्चा असतो. गाव सोडण्यापूर्वी त्याच संध्याकाळी फोटो कमी रिझोल्यूशनवर जोडून पाहावेत, म्हणजे भोक दिसले तर सकाळी भरता येते. पंधरा दिवसांनी परत आल्यावर पाणी, ऊन आणि सावल्या बदललेल्या असतात आणि जुने-नवे फोटो जुळत नाहीत. आणि मूळ फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवू नयेत. तिथे ते लहान होतात आणि कोणत्या जागेवरून काढले ही नोंद निघून जाते.

म्हणून आपल्याकडे माझ्या मागण्या अशा :

१. ड्रोन-मोजणीच्या प्रत्येक कार्यादेशात ओव्हरलॅप, उंची, जमिनीवरच्या ठिपक्याचे माप, नियंत्रण व तपासणी बिंदूंची संख्या आणि चालेल ती कमाल चूक हे आकडे लिहावेत. तलाव, बांध्या, जंगल आणि गावठाण यांसाठी ते वेगवेगळे असावेत.

२. तलावांची मोजणी पाणी आटल्यावर आणि पावसाआधी, बांध्यांची कापणीनंतर, असे हंगामी वेळापत्रक जिल्हा स्तरावर ठरवावे. मार्चअखेरच्या निधीच्या घाईत मोजणी अडकू नये.

३. नकाशाबरोबर मूळ फोटो, बिंदूंच्या नोंदी आणि सॉफ्टवेअरचा अहवाल घेतल्याशिवाय देयक काढू नये. किती फोटो काढले, किती जुळले, तपासणी बिंदूंवर चूक किती, एवढे तरी त्या अहवालात वाचावे.

४. हे फोटो सरकारी अभिलेख म्हणून जपावेत. आजचे फोटो दहा वर्षांनी पुन्हा जोडता येतील, आणि तलाव किती भरला, हद्द किती सरकली ते तेव्हा सिद्ध करता येईल. तलावाच्या नकाशाची प्रत ग्रामसभेत मांडावी आणि हरकती ऐकाव्यात. घरे आणि अंगणे दिसणारे फोटो मात्र सरसकट खुले करू नयेत.

५. प्रत्येक तालुक्यातले काही तरुण-तरुणी निवडून त्यांना रीतसर रिमोट पायलट प्रमाणपत्र आणि नकाशा जोडण्याचे शिक्षण द्यावे. ओपनड्रोनमॅपसारखे मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरात आहे. गावाचा तलाव ओळखणारा माणूस तो मोजायलाही शिकला, तर दरवर्षी बाहेरून पथक बोलवावे लागणार नाही.

यांत खर्च वाढेल, हे मान्य. पाट्या ठेवायला एक दिवस जास्त, तिरक्या फेरीला एक बॅटरी जास्त, तपासणीला एक संध्याकाळ जास्त. पण न जुळलेला नकाशा पुन्हा करण्यापेक्षा, आणि चुकीच्या नकाशावर गाळाची देयके काढून पुढची वर्षे चौकशीत घालवण्यापेक्षा, हा खर्च फार थोडा आहे. शिवाय चुकीचा नकाशा नुसता पडून राहत नाही. तो सरकारी शिक्का घेऊन फिरतो, आणि त्याविरुद्ध बोलणाऱ्या शेतकऱ्याकडे फक्त स्वतःची आठवण असते.

सुरुवात सगळ्या जिल्ह्यापासून करावी असे मी म्हणत नाही. येत्या मे महिन्यासाठी प्रत्येक तालुक्यातून एक असे आठ मामा तलाव निवडावेत. वरच्या अटींवर त्यांची मोजणी व्हावी, आणि नकाशे, चूक दाखवणाऱ्या अहवालांसह, त्या आठ ग्रामसभांसमोर ठेवावेत. ते टिकले तर त्याच अटी जिल्ह्याच्या कायमच्या अटी कराव्यात. त्या आठ तलावांचा कार्यादेश लिहिताना अटींचा मसुदा हवा असेल, तर मी तो तयार करून आपल्या कार्यालयात आणून देईन. त्यासाठी मला मानधन नको.

आपला विश्वासू,
गोंदिया जिल्ह्यातील एक नकाशाकार